जळकी डेचकी

मी इस्लामपूरच्या राजेश्वरीची पितळी डेचकी बोलतेय. जळकी म्हणालात तरी चालेल. बुडानं तर आहेच, मनानंही आहे.

राजेश्वरीच्या लग्नात तिच्या आईनं मला वाईच्या बाजारातून घेतलं आणि तिच्याबरोबर सासरी धाडलं. मानाची होते हो मी! पण वर्षभरात घरात कुकर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मेला शिट्टी मारतो आणि अख्खं घर धावत जातं. माझ्याकडं कधी कुणी असं धावलं नाही. राजेश्वरीला मुलगी झाली, उत्कर्षा. तिचा पहिला मऊ भातसुद्धा त्यानंच शिजवला. माझा नुसता जळफळाट!

दोन वर्षांमागं राजेश्वरीनं मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहिला. पितळेच्या भांड्यातलं खाल्लं की पोरांचं डोकं तल्लख होतं म्हणे. लगेच मला खाली काढलं. दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून स्वस्तात कल्हई लावून घेतली. आतून अशी लखलखले, की कुकराला म्हटलं, "बस आता कोपऱ्यात!"

उत्कर्षाला चिंचेची आमटी जीव की प्राण. ती रोज माझ्यात रटरटायची, उरलेली सकाळपर्यंत माझ्यातच राहायची. पोरगी वाटी चाटूनपुसून खायची.

ती मुळातच चुळबुळी. पण दुसरीत गेल्यावर फारच वाढलं. शाळेतल्या बाई वहीत लिहून पाठवायच्या, एका जागी बसत नाही, सांगितलेलं लगेच विसरते. शेवटी लिहिलं, असंच राहिलं तर दुसरी शाळा बघा. राजेश्वरी तिला रपाटे घालायची आणि मग स्वतःच रडत बसायची. डोकं चालावं म्हणून माझ्यातली आमटी आणखी एक वाटी वाढायची. मी फुगून टम्म! पोरीचं औषध मीच, असं वाटायचं मला.

अखेर पोरीचा बाप नानासो दोघींना घेऊन सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. दोनतीन खेपा झाल्या, रक्त तपासलं. परत आल्यावर नवराबायको स्वयंपाकघरातच बसले.

"एडीएचडी म्हंत्यात त्येला," नानासो म्हणाला. "पोरगी मुद्दाम करत न्हाई गं. घराण्यातनं बी येतं म्हणं. मी बी असाच हुतो की! मास्तरांनी छड्या मारून गप बसवला मला."

"आन् ते शिसं?"

"रक्तात लय निघालंय. एडीएचडी हाय का न्हाई, ते रक्तावरनं कळत न्हाई, पर शिशानं असली चुळबुळ वाढती, म्हणल्या डॉक्टरीणबाई. घराचा रंग, पाणी, भांडी, समदं तपासाय सांगितलंय."

राजेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्याच दिवशी मला तपासायला नेलं. कल्हईवाल्यानं महागाच्या कथलात शिसं मिसळलं होतं. चिंचेच्या आंबटानं ते सुटायचं आणि आमटीत उतरायचं.

काय सांगू तुम्हाला! जन्मभर त्या कुकरावर जळले, आणि पोरीच्या वाटीत विष वाढत होते ती मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोडीत नगं घालाय," राजेश्वरी म्हणाली. "कुणीतरी परत चुलीवर ठिवंल." मग नानासोनं माझ्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. आता मी परसात असते, पोटात माती आणि सदाफुली घेऊन.

उत्कर्षाच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतंय. चुळबुळ आहे अजून, ती सगळी जाणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय. पण रपाटे थांबलेत. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचून शाळेतल्या बाईंनी तिला ठेवून घेतलं, आता पुढच्या बाकावर बसवतात आणि मध्येच खडू आणायला पिटाळतात.

काल मात्र ती वाटी ढकलून परसात आली आणि माझ्यापाशी फतकल मारून बसली.

"मला डेचकीतलीच आमटी पायजे! कुकरातलीला चव न्हाई!"

हेच ऐकायला माझे कान आसुसले होते हो इतकी वर्षं! क्षणभर कुकराकडं बघून हसावंसंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

नको गं बाय माझे. त्या मेल्याच्याच हातची खा. शिट्टी झाली बघ, पळ.