बघतो आणि येतो

वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात तक्रार विभागाचे एक साहेब होते. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत, पाठीमागे 'बघतोसाहेब'. काटा वजन कमी दाखवतो अशी बोंब ठोकत एखादा दुकानदार आला, की साहेब त्याला खुर्ची देत, चहा पाजत आणि अत्यंत जिव्हाळ्याने म्हणत, "बघतो." दुकानदार तृप्त होऊन घरी जाई. काटा होता तसाच राही. या एका शब्दावर साहेब बढत्या घेत इथवर आले होते.

'बघतो' म्हणजे 'नाही', हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. घरी बायकोलाही होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मुलीला. ती पहिलीत होती आणि शब्दाचा जो अर्थ आहे तोच धरून चालायची.

"बाबा, शुक्रवारी संध्याकाळी माझं नाटक आहे. बघशील?"

साहेब बूट चढवत होते. "बघतो."

"आई! बाबा बघतो म्हणाला!"

"ऐकलं," आई म्हणाली. "मी लग्नापासून ऐकतेय."

"येतो," असं म्हणून साहेब नेहमीप्रमाणे गेले.

नाटकात मुलगी दरवाजा झाली होती. चोर येऊन कडी वाजवतो, दरवाजा म्हणतो, "मालक घरी नाहीत," चोर आत शिरतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं. या वाक्यासाठी बाईंनी अख्खा वर्ग पारखला होता. पण हिच्याइतकं सहज, अजिबात अभिनय न करता, ते कुणालाच म्हणता येईना.

गुरुवारी रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, पोरीने वर्गभर सांगितलंय. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरायची आहे. ती रिकामी राहिली ना, तर तिला तुमच्या 'बघतो'चा अर्थ कळेल. एकदा कळला की कळला."

साहेबांचा घास हातातच राहिला. तो अर्थ आपल्या मुलीला कळावा, असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. तिच्याशिवाय त्यांचा शब्द खरा मानणारं दुसरं उरलंच कोण होतं?

पण कारखान्याला कामगारांच्या घरची काळजी लागलेली होती. म्हणून शुक्रवारीच, सुट्टी झाल्यावर, 'काम आणि घर यांचा समतोल' या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. हजेरी सक्तीची. वक्ते बरेच उशिरा आले, कारण याच विषयावरचं त्यांचं आधीचं व्याख्यान लांबलं होतं.

"ज्यांची घरी कुणीतरी वाट बघतंय, त्यांनी हात वर करा," वक्ते म्हणाले.

सगळ्यांनी हात वर केले.

"वा! आता हात खाली घ्या, डोळे मिटा आणि त्या माणसाला मनात आणा."

साहेबांनी डोळे मिटले. मनात एक रिकामी खुर्ची आली. त्यांनी झटकन डोळे उघडले. शेजारी थोरले साहेब समतोल राखून घोरत होते. साहेब त्यांच्या कानाशी वाकले. "साहेब, येतो."

"या, या," थोरले साहेब झोपेतच म्हणाले. "लवकर या."

साहेब शाळेच्या सभागृहात शिरले तेव्हा चोर कडी वाजवत होता. बायकोने खुर्चीवरची पर्स उचलली, साहेब धापा टाकत बसले. पुठ्ठ्याच्या दरवाजातून दोन डोळ्यांनी ते पाहिलं.

"मालक घरी आहेत!" दरवाजा ठणकावून म्हणाला.

चोर चपापला. पडद्याआडून बाई 'नाहीत, नाहीत' म्हणून हातवारे करू लागल्या.

"आहेत! ते काय, पहिल्या रांगेत!"

चोर चांगल्या घरचा मुलगा होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं मग, येतो." आणि गेला. मागे मिशा लावून पोलीस ताटकळतच राहिले. नाटक संपलं.

बाहेर पडताना साहेबांचा फोन वाजला. थोरले साहेब जागे झाले होते. "अहो, येतो म्हणून गेलात, आहात कुठे? इथे 'घरच्यांशी संवाद' सुरू झालाय. येताय ना?"

"बघतो," साहेब जिव्हाळ्याने म्हणाले.

मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे तू परत जाणार?"

"नाही गं."

"मग बघतो म्हणजे नाही?"

साहेब भर रस्त्यात अडकले. उभ्या जन्मात एवढी अवघड तक्रार त्यांच्याकडे आली नव्हती.

"ते कारखान्यात," शेवटी ते म्हणाले. "घरी बघतो म्हणजे बघतोच."

मुलीने खात्रीसाठी आईकडे पाहिलं.

"बघू," आई म्हणाली.