लाकडाच्या पोटातलं पाणी

निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत बारा लूमचा एक कापडाचा कारखाना होता आणि त्याच्या पाठच्या भिंतीला टेकून जमिलाभाबीची खानावळ. खानावळ म्हणजे काय, तर पत्र्याची पडवी, दोन चुली, चार बाकडी आणि भिंतीपलीकडचा अखंड खडखडाट. शिफ्ट सुटली की वीस-पंचवीस माणसं जेवायला यायची. तांदळाची भाकर, डाळ, कधी सुक्या बोंबलाचं कालवण. जमिलाचा नवरा यूनुस ट्रकवर होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. घर चालायचं ते या दोन चुलींवर.

कारखाना आणि पडवी, दोन्ही इक्बालशेठची. माणूस वाईट नव्हता, पण कापडाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसायचा. शहाऐंशी सालच्या थंडीत नको ते घडलं. थंडीत धूर वर चढत नाही, जमिनीलगत लोळत राहतो. त्यात जमिलाची लाकडं ओली. दाट धूर भिंतीतल्या झरोक्यातून आत शिरला आणि लूमवरच्या कोऱ्या कापडावर काजळीचे ठिपके बसले. व्यापाऱ्यानं तीन तागे परत पाठवले.

शेठ ते तागे घेऊन पडवीत आला. ओरडला नाही, आणि जमिलाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"झरोका बुजवू शकत नाही मी, आत माणसं गुदमरतील," तो म्हणाला. "तुला गॅस घे म्हणून सांगू शकत नाही, नंबर कधी लागेल ते अल्लालाच ठाऊक. पण पुढच्या थंडीत एकदा जरी धूर आत आला ना जमिला, तर चूल उठवावी लागेल."

वर्षभर ते वाक्य तिच्या कानात लूमसारखं वाजत राहिलं. म्हणून यंदा तिनं वखारीतून आठवड्याला मिळेल तसलं ओलं-सुकं लाकूड घ्यायचं नाही असं ठरवलं. अंजूर गावच्या केसरीनाथ शेतकऱ्याला सांगून दसऱ्यालाच सगळ्या थंडीचं लाकूड मागवलं. बाभूळ, थोडा आंबा, सगळं फोडून आणलेलं. पण नुकतंच तोडलेलं, हिरवं.

"रचायचं मी बघतो, जमिलाभाबी," केसरीनाथ बाही सारत म्हणाला. "अंजुरात माझी उडवी बघायला माणसं येतात. वरनं समुद्र ओता, आत थेंब जायचा न्हाय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भाताच्या पेंढ्या रचून उडवी घालावी तर केसरीनाथनंच. त्यानं लाकडंही तशीच घातली. गोल, घट्ट, फटीत नख जाणार नाही अशी. वरून सुताच्या पोत्यांचं प्लास्टिक जमिनीपर्यंत ओढलं आणि सुतळीनं करकचून बांधलं. गल्लीतली माणसं थांबून थांबून बघून गेली. लूमचा मिस्त्री सत्तार म्हणाला, "भाबी, ह्याच्यावर एक झेंडा लाव. किल्ला झालाय."

पंधरा दिवसांनी जमिलानं सुतळी सोडली. आतून आंबूस वास आला. प्लास्टिकला आतल्या बाजूनं थेंब लोंबत होते आणि लाकडांवर पांढरी बुरशी. एका ओंडक्यावर तर छत्री उगवली होती. तिची नऊ वर्षांची खदीजा आनंदानं ओरडली, "अम्मी, अळंबी!"

जमिला ढिगाशी बसून एकेक लाकूड उलटून बघू लागली.

त्याच आठवड्यात केसरीनाथची आई, आक्का, भाजीची पाटी घेऊन बाजारात आली होती. ती नेहमी जमिलाकडे पाणी प्यायला थांबायची. तिनं ढीग बघितला, तांब्या खाली ठेवला आणि लेकाला बोलावणं धाडलं. तो आला तसा तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आरं केसऱ्या, ही काय भाताची उडवी हाय? भाताला पानी भायेरशी येतं, म्हणून आपण दार लावतो. हिरव्या लाकडाचं पानी त्याच्या पोटातच हाय! तू भायेरशी कडी घातलीस. आता ते जाईल कुठं? तुझ्या डोक्यात?"

केसरीनाथ कान खाजवत उभा राहिला. "सगळी वाखाणत होती गं."

"वाखाणतील न्हाय तर काय. त्यांना रचायची न्हाय, जाळायचीपन न्हाय." मग तिचा आवाज उतरला. "उठ पोरी. कुजलेली दहा-वीस काढून टाक. बाकीची जगतील. तू गं, काय नाव तुझं? खदीजा? इकडं ये. तुझा हात मोजमापाचा हाय."

आक्कानं आधी लाकडं जमिनीपासून उचलली. भंगारात पडलेले दोन गंजके बीम, ज्यांच्यावर लूमचं उभं सूत, म्हणजे ताणा, गुंडाळतात ते लोखंडी रूळ, सत्तारनं शेठला विचारून आणून दिले. त्यांच्यावर पहिली ओळ उभी, दुसरी आडवी, आणि दर दोन लाकडांत खदीजाचा तळहात सहज आत-बाहेर जाईल एवढी फट. साल असलेली बाजू वर. रांग लांबट आणि उंचीला जमिलाच्या खांद्याएवढी, खाडीकडून येणारं वारं अंगावर घेईल अशी. प्लास्टिक फक्त माथ्यावर, टोपीसारखं. बाजू उघड्या.

"वारं जातंय का ते कसं कळेल, आक्का?" खदीजानं विचारलं.

"तूच बघ की."

जमिला लोबानाची धूपदाणी घेऊन आली. खदीजानं ती रांगेच्या एका अंगाला धरली आणि केसरीनाथ पलीकडं ओणवा झाला. क्षणभर काहीच नाही. मग तो नाक चोळत ताठ झाला. "आला! आला वास! डोळ्यातपन आला!"

"बरा झाला," आक्का म्हणाली.

पण पंधरा दिवस फुकट गेले होते. थंडीआधी लाकूड वाळेल की नाही, हे आक्कालाही सांगता येईना. "लाकडालाच इचार," म्हणून ती गेली.

जमिलानं विचारलं ते असं. एका मधल्या जाडीच्या ओंडक्याला तिनं लाल चिंधी बांधली. दर शुक्रवारी सत्तार तो कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर ठेवायचा. पहिल्या शुक्रवारी भरला चार किलो दोनशे. पुढच्या शुक्रवारी चारच्या आत. खदीजा कोळशानं भिंतीवर आकडा लिहायची. "हा ओंडका माझ्यापेक्षा चांगला रोजा धरतो," सत्तार म्हणायचा. जोवर वजन उतरतंय तोवर पोटात पाणी आहे, एवढं आता खदीजासुद्धा सांगू शकत होती.

तोपर्यंत चुलीला जुन्या खोक्यांच्या सुक्या फळ्या होत्या. डिसेंबर लागला आणि फळ्या संपल्या. त्या शुक्रवारी ओंडका भरला तीन किलो दोनशे. मागच्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी.

"शंभर ग्रॅमनं काय होतंय, भाबी? लावा आता," सत्तार म्हणाला.

पहाटे गल्लीत धुकं उतरायला लागलं होतं. जमिलानं रांगेकडं बघितलं, मग झरोक्याकडं. मग कोयता घेतला आणि पडवीतलं एक बाकडं फोडलं. पुढच्या दिवसांत गल्लीतून मिळेल ते सुकं लाकूडफाटं जाळलं, तरी दुसरंही गेलं. माणसं जमिनीवर मांडी घालून जेवू लागली.

"भाबी, उद्या आम्हालाच चुलीत घालणार काय?" एकानं विचारलं.

"तू ओला आहेस. धूर करशील," जमिला भाकर थापता थापता म्हणाली, आणि सगळी पडवी हसली. ती हसली नाही. आता दोनच बाकडी उरली होती.

पुढच्या शुक्रवारी काटा तीन किलो शंभरवर थांबला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तिथंच. सत्तारनं दोनदा ठेवून बघितला. जमिलानं दोन ओंडके एकमेकांवर आपटले. टण्ण असा आवाज आला, बुरशीच्या दिवसांतला भद्द आवाज नाही. टोकांना चांदणीसारख्या चिरा पडल्या होत्या आणि साल नखानं सुटत होती.

दुसऱ्या दिवशी चूल लावायच्या वेळी, सत्तारकडून ऐकून, इक्बालशेठ आला. हातात कोऱ्या कापडाची हातभर पट्टी होती. ती त्यानं झरोक्याच्या तोंडाशी बांधली.

"संध्याकाळी बघू," एवढंच बोलून तो आत गेला.

थंडी कडक होती. जमिलानं बारीक काटक्यांवर तीन ओंडके तिरपे ठेवले आणि काडी ओढली. जाळ धरला. धुराची एक निळसर रेघ उठली, झरोक्याकडं थोडी वाकली, आणि पत्र्याखालून बाहेर पडून विरली. मग नुसता जाळ उरला, स्वच्छ आणि तापट. भाकरी टम्म फुगली. दिवसभर जमिलानं मान वर केली नाही. खदीजा मात्र शाळेतून आल्यापासून पट्टीवरची नजर काढायला तयार नव्हती.

संध्याकाळी शेठनं पट्टी सोडली. उजेडात धरली, उलटी केली. तिच्यावर एक करडा थर होता. शेठनं त्यावर फुंकर मारली तसा थर उडून गेला. कारखान्यातली रुई होती ती, नेहमीची. खाली कापड पांढरंशुभ्र.

त्यानं पट्टीची घडी घातली आणि जमिलापुढं धरली. "ठेव. भाकऱ्या गुंडाळायला होईल." मग पडवीत नजर फिरवली. "बाकडी कुठं गेली?"

"चुलीत," खदीजा म्हणाली.

शेठ उरलेल्या दोनांपैकी एका बाकड्यावर टेकला. "पुढच्या साली लाकूड होळीलाच मागव. कारखान्याच्या दक्षिणेच्या भिंतीला रच, तिथं दिवसभर ऊन असतं. आणि उद्या सत्तार फळ्या ठोकून दोन बाकडी करून देईल." त्यानं बाह्या मागं सारल्या. "आता एक भाकर दे. गरम."

जमिलानं तव्यावरची भाकर उतरवली आणि त्या नव्या कापडात गुंडाळून त्याच्यापुढं ठेवली.

होळीच्या आधी केसरीनाथची गाडी आली. दक्षिणेच्या भिंतीशी तो लाकडं रचू लागला. दर थराला थांबून हाक मारायचा, "खदीजाबाय, हात घाल गं!" आणि खदीजा फटीत हात घालून बघायची.

"जातोय का?"

"एक बोट कमी आहे, चाचा. काढा."

केसरीनाथनं निमूटपणे वरचं लाकूड उचललं आणि पुन्हा ठेवलं.