खाडीतल्या गवताची मुदत

धरणाची दारं उघडली आणि खाडीत अकरा दिवस नदीचंच पाणी राहिलं. एरवी लिटरमागे पस्तीस ग्रॅम मिठाच्या आसपास असणारा खारटपणा आठवर आला. बाराव्या दिवशी गवत मोजणारी बाई दिराच्या होडीतून तिथे गेली, तर पाण्याखालचं सागरी गवत तपकिरी होऊन लोळत होतं. चार वर्षं ती दर महिन्याला बुडी मारून तळावर आखलेल्या चौकटीचौकटीतली रोपं मोजत आली होती. त्या दिवशी तिने सगळीकडे शून्य लिहिलं.

उपशाच्या परवानग्या देणाऱ्या कचेरीत साहेबांनी आकडे पाहिले आणि ‘गवत मेले’ असा शेरा मारायला पेन उघडलं. गवत नसलं की बोटींच्या नव्या धक्क्यासाठी गाळ उपसायला परवानगी देता येणार होती, आणि ते प्रकरण दोन वर्षं त्यांच्या टेबलावर ठाण मांडून बसलं होतं.

बाईने ओल्या फडक्यातून बोटभर खोड काढून त्यांच्यासमोर मोडलं. चिखलात आडवं पसरणारं ते खोड आतून पांढरंशुभ्र आणि कडक होतं.

“पानं गेलीत, साहेब. खोड जिवंत आहे. सहा आठवडे द्या.”

“आणि नाही उगवलं तर?”

“तर तो शेरा मी माझ्या हाताने लिहीन.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. परतताना दीर म्हणाला, वहिनी उगाच शब्द देऊन बसली, गवत काय तिचं ऐकणार होतं?

तिसऱ्या आठवड्यात खारटपणा तीसवर चढला, पण उन्हाचा कहर झाला. ओहोटीला काठाकडचं उथळ पाणी छत्तीस अंशांवर गेलं. गोडं पाणी सोसलेलं गवत तिने पाहिलं होतं, ऊन सोसलेलंही. एकामागोमाग दोन्ही मार खाल्लेलं कधी नव्हतं.

सहाव्या आठवड्यात खोल पट्ट्यात हिरवी पाती डोकावली, एका चौकटीत तर एकेचाळीस रोपं. काठाकडचं खोड मात्र काळं पडून लिबलिबीत झालं होतं.

साहेबांनी विचारलं, “मग जिवंत लिहू की मेलं?”

“खोलातलं जिवंत, काठाचं मेलं. आहे तसं लिहा.”

काठाचा पट्टा धक्क्याला मिळाला, खोल पट्ट्यात उपशाला मनाई झाली. दीर म्हणाला, अर्धं तरी वाचलं. बाईने वहीतल्या काठाकडच्या नऊ चौकटींवर रेघ मारली.