कव्हरवाले खुडूक बसले

कव्हरवाल्यांच्या नजरेला पडलेली वस्तू उघडी राहिली, असं आजवर कधी झालं नव्हतं. मोटारीच्या सीटा, सोफे, मिक्सर, शिलाई मशीन, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांना त्यांनी कपडे चढवले. एकदा तर एका वकिलाच्या कासवालाही कव्हर शिवलं होतं, कारण त्याला थंडी वाजते असं वकिलाच्या बायकोचं म्हणणं होतं. कासवाने तक्रार केली नाही. सगळं जग त्यांना कव्हरवाले म्हणे आणि बायको 'अहो' म्हणे, त्यामुळे खरं नाव वापरायची वेळ कुणावर आलीच नाही.

म्हातारपणी त्यांनी दुकान बंद केलं, घर विकलं आणि एक जुनी मोटारहोम घेतली. मागे पलंग, मध्ये ओटा, कोपऱ्यात न्हाणी आणि पुढे स्टिअरिंग. या गाडीत बॅटऱ्या दोन प्रकारच्या. एक इंजिनाची, गाडी सुरू करायला. आणि बाकाखाली दोन जाडजूड घराच्या, दिवे, पंप आणि विजेची शेगडी चालवायला. गॅसची टाकी त्यांनी पहिल्याच दिवशी उतरवून टाकली होती. सगळा जन्म फोम आणि रेक्झिनमध्ये गेलेल्या माणसाला ज्योत दिसली की घाम फुटतो.

घर विकताना बायकोने एका शब्दानेही कुरकूर केली नाही. परसातली बदकं मात्र तिला वाटून टाकावी लागली. शेवटची बदकीण कुणाला द्यायच्या आतच अंड्यांवर बसल्याबसल्या गेली. खाली चार अंडी, अजून ऊबदार. बाईंनी ती उचलली, अंडी उबवायच्या पेटीत ठेवली, पेटीची वायर गाडीच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, "ही फुटेपर्यंत ही पेटी बंद पडता कामा नये. बाकी मग तुम्ही मला चंद्रावर न्या."

"पडेल कशी? माझी गाडी आहे," कव्हरवाले म्हणाले.

अंडी फुटायचे दिवस जवळ आले, तसे बाईंनी हादरे नकोत म्हणून गाडी थांबवायला लावली. रस्त्यापासून आत, एका जुन्या खाणीच्या कडेला, सपाट जागा बघून ते थांबले. आजूबाजूला माणूस नाही, झाड नाही, नुसता वारा. छपरावर सौर पॅनल होतंच. ऊन पडेल, वीज येईल, बॅटरी भरेल, पेटी चालेल. हिशोब सरळ होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी कुंईकुंई करायला लागली.

"अहो, पेटीतल्या गरमीचा काटा खाली येतोय."

"येईल वर. नवीन जागा आहे, तिला रुळायला वेळ लागतो."

"ती सून आहे का रुळायला? उठा आधी!"

कव्हरवाल्यांनी मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा कधीकाळी रेडिओ दुरुस्त करायचा, त्यामुळे विजेच्या बाबतीत घरात त्याचाच शब्द चाले. फोनचं चार्जिंगही तळाला गेलेलं, कारण फोनसुद्धा त्याच बॅटरीवर जगत होता.

"भाऊजी, मीटर लावलात का?"

"लावला. साडेदहा दाखवतोय."

"साडेदहा? अहो, बारापेक्षा वर पाहिजे! बॅटरी मेली की तुमची. फ्यूज बघितला?"

"शाबूत आहे."

"टोकं?"

बाकाची फळी काढून कव्हरवाले पोटावर झोपले. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवं काहीतरी बुरशीसारखं फुललं होतं. त्यांनी ते दाढीच्या ब्रशने घासून काढलं. नटबोल्ट आवळले. मीटर पुन्हा लावला. साडेदहा. मग झाकणं उघडून आत डोकावले, तर आतलं पाणी पार तळाला गेलेलं आणि पत्रे कोरडे ठणठणीत. त्यांनी शुद्ध पाण्याची बाटली रिकामी केली. मीटर लावला. आता दहा पूर्णांक चार.

"पाणी पाजलं तर आणखी खाली गेली की रे!"

"भाऊजी, ती काय गाय आहे? पाण्याने थोडीच चार्ज होते. वरून चार्जिंग येतंय का ते बघा. पॅनल कसं आहे?"

"पॅनलला काय झालंय? पॅनल एकदम ठणठणीत. धूळ नाही, ओरखडा नाही. मी स्वतः त्याला..."

इथे कव्हरवाले थांबले. बाई पेटीवर शाल पांघरत होत्या, त्यांनी मान वळवली.

"स्वतः त्याला काय?" फोनमधून मेव्हणा.

"स्वतः त्याला काय?" पेटीजवळून बाई.

"पारदर्शक आहे," कव्हरवाले हळूच म्हणाले. "जाड पारदर्शक प्लास्टिक. चारी बाजूंनी इलॅस्टिक. ऊन आरपार जातं. मी दुकानातच दिव्याखाली धरून बघितलं होतं."

फोनमधून नुसती फुसफुस ऐकू आली. मेव्हणा रडतोय की हसतोय, हे कळायला मार्ग नव्हता.

कव्हरवाले शिडीने छपरावर चढले. कव्हर जागच्या जागी होतं, शिलाईचा एक टाका सुटलेला नव्हता, कोपरे बघत राहावेत असे. पण उन्हाने ते प्लास्टिक पांढुरकं झालं होतं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं, आणि त्याखाली काळंभोर पॅनल आंधळं होऊन पडलं होतं. रोज थोडी वीज यायची, रोज जास्त जायची. सगळा दोष त्या सुबक शिलाईत होता. कव्हरवाल्यांनी खिशातून कात्री काढली, क्षणभर डोळे मिटले आणि कव्हर मधोमध फाडलं. आयुष्यात स्वतःच्या हातचं काम त्यांनी पहिल्यांदाच फाडलं.

मग आकाशाकडे बघितलं. आकाश पेंढा ठासलेल्या आंब्याच्या पेटीसारखं ढगांनी भरलं होतं. वरच्याने आपलं कव्हर काही काढलं नव्हतं.

खाली पेटीचा दिवा मिणमिणला.

आता माणूस घाबरला की शहाणपण जास्तच सुचतं. कव्हरवाल्यांना सुचलं की इंजिनाची बॅटरी तर भरलेली आहे! घराच्या बॅटरीला तिची ताकद जोडून दिली, की काम झालं. त्यांनी जाड वायरी काढल्या, लाल लालला, काळी काळीला, चिमटे लावले. पेटी खूश झाली. कुंईकुंई थांबली. बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे जरा बऱ्या नजरेने बघितलं. कव्हरवाले चिमटे तसेच ठेवून पलंगावर पाय पसरून बसले आणि मेव्हण्याला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवू लागले.

जेवणाची वेळ झाली तेव्हा पेटी गप्प झाली. आधी कुंई, मग नुसतं कुं, मग काहीच नाही. कव्हरवाल्यांनी पुढे जाऊन किल्ली फिरवली. इंजिनाने खाकरल्यासारखं केलं आणि तेही गप्प. बुडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना काढायला उतरलेला तरुणही त्यांनी पायाला धरून खाली नेला होता.

मेव्हण्याला ते सांगितल्यावर तो ओरडला, "चिमटे लावून ठेवलेत? अहो भाऊजी, आधी गाडी सुरू करून मग लावायचे! थांबा, काही करू नका. हात लावू नका कशाला. गावातल्या बॅटरीवाल्याला पाठवतो, नवी बॅटरी घेऊन. खाणीजवळ ना? तोपर्यंत अंडी गरम..." आणि फोनही गेला.

"गरम ठेवा म्हणाला," कव्हरवाले म्हणाले.

"ते मला कळलं," बाई म्हणाल्या. "शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा आणि आडवे व्हा. तुमचं पोट आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामी येतंय."

"तू का नाही?"

"मी हाडाची काडी. आणि बॅटरीवाला कधी येईल कोण जाणे, रस्त्यावर जाऊन गाडी कोण थांबवणार? तुम्ही? तुमच्या तोंडाकडे बघून कुणी थांबेल का?"

शर्ट निघाला. कव्हरवाले आडवे झाले. दोन काखांत दोन अंडी, दोन पोटाच्या वळीत. वरून बनियन, त्यावर शाल, त्यावर दोन रजया. ते कूस बदलतील म्हणून बाईंनी एक चादर त्यांच्या भोवती गुंडाळून पलंगाच्या दांडीला गाठ मारली. गाडीचं दार वाऱ्याने आपोआप उघडायचं, म्हणून बाहेरून कुलूप लावलं.

"शिंकू नका," बाहेरून आवाज आला. "खोकलात तरी बेताने."

बाई गेल्या. कव्हरवाले छताकडे बघत पडले. इतका निकामी माणूस जगात दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं. डाव्या नाकपुडीला खाज येत होती आणि तिथपर्यंत पोचायला हात नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू झाकल्या, आता स्वतःच झाकलेली वस्तू झालो. बाईंनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. दागिना नाही, बंगला नाही. एक पेटी चालू ठेवा एवढंच.

मग मोटरसायकलचा आवाज आला. जवळ आला. थांबला. दारावर टकटक झाली.

"कोण आहे का? मी बॅटरीवाला!"

कव्हरवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे, आहे! आत आहे!"

"दार उघडा मग. बॅटरी जड आहे."

"उघडता येत नाही हो. बायकोने बाहेरून कुलूप लावलंय."

"का?"

"मी हलू नये म्हणून."

बाहेर कुलूप खडखडलं. "तुम्ही आतून काही करू शकाल का? खिडकी वगैरे?"

"नाही हो. मला बांधलंय."

"कुणी?"

"बायकोनेच."

बाहेरचा आवाज एकदम मऊ झाला. "काका, आजारी आहात का? पोलिसांना बोलावू?"

"आजारी कशाला! मी अंडी उबवतोय!"

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा कव्हरवाल्यांना ते अगदी साधं वाटलं. दाराच्या पलीकडे ते कसं पोचलं असेल, हे एका क्षणात त्यांना कळलं, पण तोवर उशीर झाला होता. "चार आहेत! बदकाची!" ते घाईघाईने म्हणाले, आणि गोष्ट आणखी बिघडली. पावलं मागे सरली. मोटरसायकल एका किकमध्ये सुरू झाली. "अहो थांबा! दोन काखेत आहेत, दोन पोटावर!" ते जीव तोडून ओरडले, पण मोठ्याने ओरडावं तर पोट हलत होतं, आणि पोट हललं की अंडी घरंगळत होती.

बऱ्याच वेळाने कुलूप उघडलं. बाई आत आल्या, वाऱ्याने केस विस्कटलेले.

"एक गाडी थांबली नाही. एक मोटरसायकलवाला समोरून आला, मी हात केला, तर आणखी पळवली मेल्याने. मागे बॅटरीसारखं काहीतरी बांधलं होतं..." त्या थांबल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "आला होता?"

"आला होता."

"काय सांगितलंत त्याला?"

"खरं ते."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी रजई थोडी उचलली, हात आत घातला, एकेक अंडं काढून गालाला लावलं, मग कानाला. पहिलं. दुसरं. तिसरं कानाला लावून त्या तशाच राहिल्या.

"अहो."

"काय? गार झालं?"

"टोचतंय आतून."

त्यांनी ते नवऱ्याच्या कानाशी धरलं. आत काहीतरी होतं खरं. बारीक, चिकट, हट्टी. नखाने कुणी हळूच कागद खरवडावा तसं.

"म्हणजे फुटतंय?"

"आता सुरुवात आहे. आता तर ऊब सगळ्यात जास्त लागते." बाईंनी ते अंडं पुन्हा काखेत ठेवलं, चादरीची गाठ तपासली आणि आणखी घट्ट केली.

"किती वेळ लागतो बाहेर यायला?"

"दिवस तरी जातो. कधी दीडही."

कव्हरवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ढग तसेच. खाणीच्या रस्त्यावर कुणी नव्हतं.

"अगं, एक सांगायचं होतं. मला मघापासून लघवीला जायचंय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा रजईच्या उंचवट्याकडे.

"धरा," त्या म्हणाल्या.