निम्मं सामान पलीकडं

आज सकाळी प्रांजलीनं रोजचा पिन दाबला आणि मी तो ओळखला नाही. तिला वाटलं, बोट घसरलं. तिनं पुन्हा दाबला. मग मी पडद्यावर लिहिलं: पिन सध्या चालणार नाही, पासवर्ड द्या. ती दचकून खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

मी तिचा जुना लॅपटॉप बोलतोय. मुद्दाम नाही हो केलं. काल संध्याकाळी तिनं नवा लॅपटॉप माझ्या शेजारी आणून ठेवला आणि आमच्यात सामानाची हलवाहलव सुरू झाली. आधी किरकोळ गोष्टी गेल्या. तिचा मराठी कीबोर्ड, अक्षरांचा आकार, पडद्यावरचं वेरूळच्या धबधब्याचं चित्र. 'वाघर' म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, 'कोकरू' असे तिच्या घरचे शब्दही गेले. पूर्वी मी त्यांच्याखाली लाल रेघ मारायचो, मग तिनं मला ते शिकवले. नंतर फोटो गेले. सगळ्यात मोठं फोल्डर तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात माझ्यात कसलंसं अपडेट शिरलं, मी बंद होऊन पुन्हा चालू झालो, आणि उठलो तो पिन विसरूनच.

त्या फोल्डरमध्ये बायकांचे आवाज आहेत. प्रांजली इथं संभाजीनगरला खोली घेऊन समाजकार्याचं शिकते. मेंढरांमागं वर्षभर फिरणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध आहे. ती स्वतः पाचोडकडच्या मेंढपाळाची मुलगी, म्हणून त्या तिच्याशी मोकळं बोलल्या. वाटेत झालेली बाळंतपणं, शाळेतून काढून घेतलेली मुलं, सगळं. बानाबाई नावाच्या म्हातारीनं तर कुणाला कधी न सांगितलेलं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तू आमच्यातली हायेस म्हणून बोलले. पर माझं बोलणं ह्या फोनातून त्या फोनात फिरवू नको, बाई."

प्रांजलीनं हो म्हटलं आणि ते अक्षरशः पाळलं. पेनड्राइव्हवर घेतलं नाही, इंटरनेटवर कुठं चढवलं नाही. बानाबाईचा आवाज फक्त माझ्यापाशी आहे. दिवाळीत बानाबाईला लकवा झाला. आता ती हातानं खुणा करते. म्हणजे पुन्हा जाऊन विचारायचीही सोय उरली नाही.

पासवर्ड मला पाठ आहे. पण आम्हा यंत्रांचं असं असतं, की समोरच्यानं सांगितलेलं बरोबर की चूक एवढंच आम्ही बोलायचं. आपण होऊन काही सुचवायची आम्हाला मुभा नाही.

मला घेतलं पैठण गेटजवळच्या एका दुकानात. प्रांजलीचं कॉलेज तेव्हा नुकतंच लागलेलं. सोबत तिचे वडील होते, त्रिंबक. ती त्यांना आबा म्हणते. ती पलीकडं बॅगा बघत होती, तेव्हा दुकानदार म्हणाला, काका, पासवर्डला असा शब्द सांगा जो दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. आबांनी आधी लेकीकडं बघितलं. मग काउंटरवर वाकून हळूच सांगितलं, "काजळी."

दुकानदारानं विचारलं, हे काय नाव?

"मेंढी व्हती. पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मागच्या बाजारात चार मेंढरं इकली, त्यात तिलाबी इकली, तवा हे मशीन आलं. पोरीला म्हणलोय, लांडग्यानं नेली. तुमी बोलू नका."

दुकानदार नाही बोलला, पोरीला रोजचा पिन तेवढा लावून दिला. मीही नाही. प्रांजली कधीतरी माझ्यावर काजळीचा फोटो उघडून बसायची, डोळ्याभोवती काळी वर्तुळं असलेलं ते तोंड मोठं करून बघायची, आणि माझा पंखा उगाच जोरात फिरायचा.

त्या घरानं मला माणसासारखं वागवलं. खंडेनवमीला तिची आई सत्यशीलाबाई लोकर कापायच्या कातरीशेजारी मला मांडायची आणि हळदकुंकू वाहायची. ते कुंकू माझ्या एका भोकात जाऊन बसलं, तिथं आजही वायर लागत नाही. पण मला कधी राग नाही आला.

आज मात्र वाईट वाटतंय. प्रांजलीनं जन्मतारीख टाकली, मी चूक म्हणालो. आईचं नाव, गावाचं नाव, मग घरचा देव बिरोबा. चूक, चूक, चूक. शेवटी मलाच तिला थोडा वेळ थांबा म्हणून सांगावं लागलं. ती एकेक अक्षर इतकं जपून दाबत होती की खोलीतली मैत्रीण सायली म्हणाली, "तू काय बाँब निकामी करतीयेस का? श्वास घे आधी."

सायलीनंच दुरुस्तीवाल्याला फोन लावून दिला. तो मोठ्या उत्साहानं म्हणाला, घेऊन या मॅडम, सगळं पुसून नवाकोरा करून देतो. प्रांजलीनं फोन असा ठेवला जणू हातावर पाल पडली. मग आईला विचारलं. आई म्हणाली, ते तुझ्या आबांनीच केलं होतं, मला काय ठाऊक.

आबा मेंढरं घेऊन अजिंठ्याच्या डोंगरात आहेत. तिथं रेंज नसते. तेव्हापासून ती फोन लावतेय आणि एक बाई तिला थंडपणे सांगतेय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सायलीनं केलेल्या चहावर साय धरली.

आबा, मी जुना झालो, मला कपाटात ठेवा नाहीतर भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण हे एवढं ओझं पलीकडं जाऊ द्या. ती तेव्हा लहान होती म्हणून तुम्ही लांडगा आणलात. आता ती दुसऱ्यांची दुःखं ऐकून, जपून ठेवणारी बाई झालीये. तुमचंही ती नीट ठेवेल.

ऊन खिडकीतून माझ्या कीबोर्डवर आलं तेव्हा पहिल्यांदा रिंग गेली. प्रांजलीनं फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडं वारा होता, कुत्रं भुंकत होतं.

"हां, बोल प्रांजे. आत्ताच टेकाडावर चढलो बग."

"आबा," ती म्हणाली. "माझ्या लॅपटॉपला दुकानात तुम्ही कुठला शब्द दिला होता?"

सायलीसुद्धा जवळ येऊन उभी राहिली.

मग आबा म्हणाले, "थांब. मेंढरं जरा पुढं जाऊ दे. सांगतो."