डब्यात चार्जर नाही

सुल्मा कोंदोरीचा स्वतःचा फोन असा होता, की चार्जरची वायर नेमक्या कोनात वाकवून तिच्यावर शब्दकोश ठेवला तरच तो चार्ज व्हायचा. तोही जाडाच शब्दकोश. पातळ पुस्तकाला फोन दाद देत नसे. काच तर तीन वर्षांपूर्वीच तडकलेली. आणि तरीही बोलिव्हियातल्या अख्ख्या ला पाझ शहरात फोनबद्दल सुल्माइतकी मतं कुणालाच नव्हती! वर्गातल्या मुली नवा फोन घेताना आईबापाला नंतर विचारायच्या, आधी सुल्माला. "दिसायला राजा, बॅटरीला भिकारी," "कॅमेरे चार, त्यातले दोन शोभेचे," असे निकाल ती मधल्या सुट्टीत तोंडात घास असतानाच देऊन टाकायची.

त्यामुळे नोव्हेंबरात तिनं घरात जाहीर केलं, "या वर्षीचे फोन मी ठरवणार."

फोन म्हणजे बोटाच्या पेराएवढे. कोंदोरींच्या घरात तीन पिढ्या अलासितासच्या जत्रेसाठी इवल्या वस्तू बनत आल्या होत्या. चोवीस जानेवारीला ज्याला जे हवं त्यानं त्याचं इवलंसं रूप घ्यायचं, दुपारी बाराच्या ठोक्याला यातिरीच्या, म्हणजे आशीर्वाद देणाऱ्या पुजाऱ्याच्या, धुपावर धरायचं आणि घरी नेऊन मिशाळ, ढेरपोट्या एकेको देवाच्या मूर्तीवर अडकवायचं. वर्षभरात एकेको खरं आणून देतो. घर, गाडी, पदवी, नवरा. (नवरा हवा असेल तर इवला कोंबडा घ्यायचा.) बारानंतरही जत्रा चालते, पण बाराच्या मुहूर्ताची सर कशालाच नाही.

"बटणांचे करू," सुल्माची आई फेलिपा म्हणाली. "लोकांना हातात काहीतरी लागतं. दाबलं की दाबल्यासारखं वाटायला हवं."

"आई, बटणं आता संग्रहालयात असतात! यंदा घडीचा फोन. पुस्तकासारखा मिटणारा."

"आणि फुटणारा," सेवेरोमामा कोपऱ्यातून म्हणाला. तो नखाएवढ्या सिमेंटच्या गोण्या भरत बसला होता. खरं सिमेंट नव्हे, चुलीची राख. पण शिंका खऱ्या सिमेंटसारख्याच यायच्या. नवव्या वर्षापासून सुल्मा त्याच्याजवळ बसून गोण्या भरत आणि शिंकत आली होती, आणि आता पंधराव्या वर्षी तिचं नाक या जन्मातलं काम पुरं करून बसलं होतं.

आईनं अट घातली. "दोनशे कर. बाराच्या आत सगळे गेले, तर यापुढे फोन तुझे. एक जरी उरला, तरी परत मामाच्या शेजारी."

"रुमाल धुऊन ठेवतो," मामा म्हणाला.

सुल्मानं अडीच महिने जीव ओतला. पुठ्ठा, चांदीचा कागद, बिजागरीला कापडी पट्टी. फोन खरंच मिटायचा! डबाही अगदी खऱ्यासारखा: पांढरा, सपाट, गुळगुळीत. आत फोन आणि बाकी काही नाही.

"चार्जर?" आईनं डबा हलवून पाहिला.

"हल्ली डब्यात चार्जर येतच नाही. सगळ्या जगात बंद झालंय."

"मग फोन चार्ज कशानं होतो? आशीर्वादानं?"

सुल्मानं डबा आईच्या हातातून काढून घेतला. जुन्या पिढीशी किती बोलणार!

चोवीस तारखेला सकाळी आठ वाजता तिनं डबे मांडले. शेजारचं दुकान उर्सुलाकाकूंचं. त्यांचे फोन साच्यातून पाडलेले, जाडे, भडक निळे. पण प्रत्येकाबरोबर चार्जर, कानात घालायच्या वायरी, कव्हर आणि तांदळाएवढं हमीपत्र.

पहिलं गिऱ्हाईक घेरदार झग्यातल्या एक बाई होत्या. "किती गोड गं, कासेरा!" त्या म्हणाल्या. विकणारी आणि घेणारी इथं एकमेकींना कासेराच म्हणतात. त्यांनी फोन उघडला, मिटला, डबा उलटा केला, झटकला. "चार्जर कुठाय?"

"नसतो, कासेरा. खऱ्या डब्यातही नसतो. पर्यावरणासाठी."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना बिनचाकांची बस दाखवली. "पोरी, दुकानात गेले तर मुकाट्यानं घेईन, तिथं माझं काय चालतंय! पण मी मागायला आलेय एकेकोकडे. देवाकडे मागताना चार्जर कशाला सोडू?"

आणि त्या उर्सुलाकाकूंकडे गेल्या.

मग एक आजोबा आले, एक नर्स आली, दोघं नवराबायको आली. सगळ्यांनी डबा झटकला. प्रत्येक झटक्यासरशी सुल्माला मामाची राख दिसू लागली. दहा वाजेपर्यंत बारा फोन गेले; त्यातले चार मैत्रिणींनी भिडेखातर घेतले.

"मुली," उर्सुलाकाकू साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "फोन फारच पुढारलेला आहे तुझा. गिऱ्हाईकं अजून मागेच आहेत, काय करणार!"

सुल्माच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरी बोच काकूंची नव्हती, त्या झगेवाल्या बाईंची होती. कारण बाईंचं बरोबर होतं! खरे फोन कसे असतात ते सुल्माला पाठ होतं. लोकांना ते कसे हवे असतात, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. अगदी स्वतःलासुद्धा. शब्दकोशाखाली वायर दाबून झोपणारी मुलगी चार्जर विसरते म्हणजे काय!

तेवढ्यात आई जत्रेची थाळी घेऊन आली: उकडलेले बटाटे, शेंगेतले मोठे वाल, तळलेलं चीज आणि मक्याचं कणीस. टपोऱ्या, पांढऱ्या, चौकोनी दाण्यांचं.

सुल्मा त्या दाण्यांकडे बघतच राहिली.

"आई, मका दे."

"भूक लागली का गं?"

"नाही. चार्जर!"

तिनं दाणा सोलला, त्यात स्टेपलरची एक पिन उभी खुपसली, दोन टोकं बाहेर. मागून काळा दोरा. तो आईच्या झग्याच्या शिवणीतून उसवला, आई "अगं, अगं!" म्हणेपर्यंत. तळहातावर खराखुरा चार्जर बसला होता. मऊ आणि कोमट, जणू आत्ताच भिंतीतल्या सॉकेटमधून काढलाय.

मामा धावत जाऊन सात कणसं घेऊन आला. भाचीसाठी नव्हे, असं तो नंतर म्हणाला. शिंका ऐकायचा कंटाळा आला होता म्हणे. आई पिना खुपसायला बसली. सुल्मा स्टुलावर चढली.

"चार्जर! अस्सल चार्जर! मुलं पळवणार नाहीत, नवरा हरवणार नाही!"

लोक थांबले. आणि मग एक गंमत झाली. सगळ्यांना चार्जरच हवा होता.

"फोन आहे गं माझ्याकडे," नर्स परत येऊन म्हणाली. "चार्जर मुलगी घेऊन जाते. मला नुसता चार्जर दे. दोन दे."

"मला पण नुसता!" आजोबा म्हणाले. "माझा मुलगा साओ पावलोला शिवणकाम करतो. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी मधेच माझी बॅटरी संपते. त्याला वाटतं, मीच रागानं ठेवला."

चार्जर भराभर संपत होते आणि फोन जिथल्या तिथे! साडेअकरा वाजले. सुल्मानं डोक्याला हात लावला, आणि तो तसाच वर उंचावला.

"नुसता चार्जर मिळणार नाही! चार्जरवर फोन फुकट!"

"हे उलटंच झालं," नर्स म्हणाली.

"मग सुलटं कुठे मिळतं ते सांगा!"

लोक हसले आणि रांग लागली. आजोबांच्या डब्यावर सुल्मानं बारीक अक्षरात लिहिलं, 'बॅटरी रविवारभर पुरते.' झालं! मग प्रत्येकालाच लिहून हवं. 'पडला तरी फुटत नाही.' 'सासूला आपोआप व्यस्त लागतो.' उर्सुलाकाकू कंबरेवर हात ठेवून ओरडल्या, "अहो, मक्याचा दाणा आहे तो! उद्या वाळेल!"

"साच्यातला तर आजच वाळलाय!" झगेवाल्या बाई म्हणाल्या. त्या दुसऱ्यांदा रांगेत होत्या.

बाराला दोन मिनिटं कमी असताना मांडणी रिकामी झाली. सुल्मानं आनंदानं आईला मिठी मारली. आई मात्र ताठ उभी.

"एकशे नव्व्याण्णव," ती म्हणाली. "मीच मोजलेत. खिशात काय आहे?"

सुल्माचा चेहरा उतरला. तिनं हळूच खिशातून शेवटचा डबा काढला. पहिला बनवलेला, बिजागरी सगळ्यात सुबक. "हा माझ्यासाठी ठेवला होता."

"म्हणजे एक उरला," मामानं हळूच रुमाल काढला.

देवळाच्या घंटा सुरू झाल्या. सगळीकडे धुपाचा धूर उठला. सुल्मानं डब्याकडे पाहिलं, मामाच्या रुमालाकडे पाहिलं, आणि डबा पुढे केला. "घ्या कुणीतरी! यात चार्जर नाही, मका संपला, पण फुकट घ्या!"

कुणी वळेना, सगळे आपापलं धुपावर धरण्यात गुंतलेले.

"मी घेते," आई म्हणाली. तिच्या ताटलीत खायचा म्हणून ठेवलेला एकच दाणा उरला होता. तिनं त्यात पिन खुपसली, दोरा लावला आणि डब्यात घातला. "उरला नाही, खपला. आता माझा आहे, मी कुणालाही देईन." आणि यातिरीच्या धुरावर धरून तिनं तो सुल्माच्या हातात ठेवला.

एप्रिलात आईनं घरी एक पुडकं आणलं. आत नवाकोरा चार्जर होता. शब्दकोश शेल्फात गेला.

फोन अजून यायचाय. सुल्माचं मत असं, की एकेकोही हल्ली दोन्ही वेगवेगळे पाठवतो.