सुनेच्या हातची मशेरी

ठाण्याजवळच्या बाळकुमात गोदाबाईसारखे दात कुणाचे नव्हते. पन्नाशी उलटली तरी भाजलेल्या सुक्या बोंबलाचं डोकं ती कडाकडा चावून खायची, आणि तेही ओट्यावर बसून, शेजारणींनी बघावं म्हणून. अशा बाईचा पुढला दात भात खाताना ताटात पडला. भातात ना खडा, ना हाड. तिनं तो मुकाट्यानं पदराच्या टोकाला बांधला. महिन्याभरानं दुसरा पडला, तेव्हा मात्र गोदाबाई विचाराला बसली. ती विचाराला बसली की घरातल्या कुणाची तरी धडगत नसायची.

एकुलत्या काळुरामचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सून जया खाडीपल्याडच्या काल्हेरची. ती उंबरा ओलांडून आली आणि गोदाबाईच्या हिरड्या सुजायला लागल्या. चूळ भरली की रक्त. घसा सारखा कोरडा, पाण्याचा तांब्या हातातून सुटेना. अंगातली चोळी सैल झाली. मिठागरात पायाला शिंपला लागला होता, ती जखम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत भरली नव्हती. हे सगळं जया आल्यावरचं, त्याआधीचं यातलं एकही नाही. एवढं जुळवायला शाळा लागत नाही.

आणि वर्षभर मशेरी कोण भाजत होतं? जयाच. परसात चूल मांडून ती तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, तळहातावर चुरून डब्यात भरायची. गोदाबाई दिवसातून चार वेळा ती बोटानं दातांना घासायची. सून स्वतः मात्र मशेरीला शिवत नव्हती, कडूलिंबाच्या काडीनं दात घासायची. आगऱ्याची सून आणि मशेरी नको म्हणते, म्हणजे डब्यात काय आहे ते तिला ठाऊक असणार. एकदा गोदाबाईनं मुद्दाम डबा तिच्यापुढं धरला आणि माझ्यादेखत लाव म्हणाली. जयानं एक बोट लावलं आणि भोवळ येऊन ती मोरीपाशी बसली. गोदाबाईला आणखी काय हवं होतं?

तिनं शेजारच्या सखुबाईकडून गुपचूप मशेरी आणून आठ दिवस लावली. रक्त थांबलं नाही. दुसरी एखादी म्हणाली असती, सुनेचा दोष नाही. गोदाबाईनं ठरवलं की मग ते जेवणात असणार. त्या दिवसापासून काळुराम ज्या टोपातून जेवला त्याच टोपातलं ती स्वतःच्या हातानं वाढून घ्यायला लागली. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा बंद. काळुरामला तिनं बजावून ठेवलं की एक पुरावा हाती लागू दे, ही काल्हेरला जाईल आणि परत यायची नाही. काळुराम आईपुढं कधी बोलला नव्हता, तो आताही बोलला नाही.

मग मुंग्या आल्या. परसात शेवग्याच्या मागं गोदाबाई लघवीला बसायची, बरोबर त्याच जागी काळ्या मुंग्यांची रांग. बाकी सगळ्या परसात एकही मुंगी नाही. कुणीतरी मंतरलेली साखर टाकत होतं. दोन दिवस ती दाराआड उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं जयाला त्याच जागी वाकून बघताना पाहिलं. सासूची चाहूल लागताच पोरगी केरसुणी घेऊन भलतीकडंच झाडायला लागली.

त्याच आठवड्यात गोदाबाईला ताप भरला. उठवेना, म्हणून उशाशी भांडं ठेवावं लागलं. ते उचलून न्यायचं काम सुनेचं. ताप उतरल्यावर ती भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात गेली आणि मुद्दाम एकेक जागा चाचपत राहिली. तांदळाच्या कणगीमागं हाताला एक बाटली लागली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, बुचाला फडकं बांधलेलं, आत पिवळं पाणी. तिनं बूच काढून वास घेतला. काय आहे ते तिला लगेच कळलं. करणी करायला भगताकडं लोक केस नेतात, नखं नेतात. हिनं तर लाजच सोडली होती.

मिठागरातून काळुरामला बोलावून घेतलं. बाटली मध्ये ठेवून गोदाबाई म्हणाली, "हिला आज काल्हेरला पोचव. परत आनायची नाय."

जया रडली नाही, हेही गोदाबाईनं मनात धरलं.

"माज्या बापाच्या बसायच्या जागी पन अशाच मुंग्या लागायच्या, आत्या," जया म्हणाली. "त्याचे पन दात असेच हलले. पायाची जखम शेवटी काली पडली. आमाला कलला तवा उशीर झालता. मी ठान्याच्या डॉक्टरला इचारला, तो बोलला बाटलीत आन, बघतो."

"मग चोरून कशाला?"

"सांगितला असता तर तुमी बोलला असता, बाप ज्या रोगानं मेला तो सुनेनं घरात आनला."

गोदाबाई अगदी हेच बोलणार होती.

पण म्हणून तिला पटलं असं नव्हे. तिनं फर्मान काढलं की डॉक्टरकडं मीही येणार, आणि बाटली माझ्या मांडीवर राहणार. बैलगाडीतून ठाण्याला जाईपर्यंत तिनं बुचावरचा अंगठा काढला नाही.

जांभळी नाक्याच्या बाजूला गुप्ते डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब मोजून टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. लघवीत भरपूर साखर आहे, डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह.

गोदाबाईला नळी बघून काहीच वाटलं नाही. जत्रेत याहून मोठ्या करामती होतात. "आता हिचा बघा," ती सुनेकडं बोट दाखवून म्हणाली. जयाचं पाणी निळं ते निळंच राहिलं.

"आता तुमचा."

कंपाउंडर तोंडावर हात धरून हसला. डॉक्टरांनी क्षणभर या बाईकडं बघितलं आणि मुकाट्यानं नळी घेऊन पडद्याआड गेले. तीही निळीच राहिली. मग गोदाबाईनं स्वतःची पुन्हा ताजी करून दिली. ती लाल झाली.

आता डॉक्टर सांगत होते ते तिनं ऐकून घेतलं. या रोगात हिरड्या आतून सडतात, दात मुळापासून सुटतात. पायाची जखम भरत नाही तशाच हिरड्याही भरून येत नाहीत. तीन दात काढावे लागतील, पण साखर उतरल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. मशेरी आजपासून बंद, हिरड्यांचं वाटोळं करायला तिनंही हात लावला आहे. गुळाचा चहा बंद, भात मापानं. खाल्लं की कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या.

"मीठ आमचे घरचाच हाय," गोदाबाई म्हणाली. तेवढं एक तिला पसंत पडलं.

शिवाय रोज सकाळी इन्सुलिनची सुई. बाळकुमाला रोज माणूस धाडणं दवाखान्याला जमणारं नव्हतं, घरातल्या कुणालातरी शिकायला हवं होतं. डॉक्टरांनी सरावाला संत्रं पुढं ठेवलं. काळुरामनं सुई धरली, ती सालीवरच वाकली. जयानं ती बदलून घेतली आणि एका झटक्यात आत घातली. डॉक्टर म्हणाले, सूनच देईल.

गाडी घरी परतली. औषधाची बाटली गार पाण्याच्या मडक्यात ठेवायची होती. ते मडकं तिनं स्वतःच्या उशाशी ठेवून घेतलं.

सकाळी जयानं काचेची पिचकारी आणि सुई पातेल्यात उकळायला ठेवली. गोदाबाई चुलीसमोर पाट घेऊन बसली आणि पाण्याला आधण येईपर्यंत हलली नाही. पातेल्यात काय काय आहे ते तिनं दोनदा मोजलं. औषध किती ओढलं ते उजेडाला धरून दाखवायला लावलं. ज्या हातचं पाणी महिनाभर प्यायली नव्हती, तो हात आता सुई घेऊन समोर आला होता.

तेवढ्यात काळुराम दारात आला. बैल जोडलेले होते. काल्हेरचं काय करायचं, त्यानं खाली बघत विचारलं.

"आनि मना सुई कोन टोचल? तू?"

काळुराम बैल सोडायला गेला.

गोदाबाईनं लुगडं वर सारून मांडी पुढं केली. जयानं कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. सासूचे डोळे तिच्या चेहऱ्यावर रोखलेले होते, एकदाही मिटले नाहीत. सुई बाहेर आली.

"उद्या दुसऱ्या मांडीला दे," गोदाबाई म्हणाली. "आनि पानी आजच्यापेक्षा जास्त उकलू दे. मी बसतंय हितंच."